‘रामदास’चे उतारू

वंशावळ ठेवण्याची चाल आपल्या घरांतून जुनी आहे. मूळपुरुषापासून आजच्या नातवंडांपर्यंत पसरलेली ती वेल छापील कुलवृत्तांतांत पाहिली म्हणजे मनाला एक प्रकारचा धीर येतो. परंतु त्या वेलीकडे जरा बारकाईनें पाहावें. एखाद्या फांदीवर नांव असतें आणि त्यापुढें कांहींच नसतें. ना सन, ना तिथि, ना स्थळ. प्लेगांत गेलेले, यात्रेंत हरवलेले, दूरदेशीं जाऊन परत न आलेले असे कितीतरी जण ह्या कोऱ्या जागेंत राहतात. कोंकणपट्टींतील घराण्यांत ह्या कोऱ्या जागांना आणखी एक कारण आहे, आणि तें म्हणजे समुद्र.

रेल्वे व मोटार कोंकणांत पोंचण्यापूर्वीं मुंबईचा चाकरमाना आगबोटीनें घरीं जाई. त्या प्रवासाची ओढ जितकी मोठी, तितकाच त्यांतला धोका. नोव्हेंबर १९२७ मध्यें ‘जयंती’ व ‘तुकाराम’ ह्या दोन आगबोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनीं, १७ जुलै १९४७ रोजीं, ‘रामदास’ बुडाली. संतांचीं नांवें धारण करणाऱ्या अशा बोटींवर लोकांचा केवढा विश्वास होता, हें त्या नांवांवरूनच कळतें.

‘रामदास’ १९३६ सालीं बांधलेली, म्हणजे त्या वेळीं तशी तरुण बोट होती. ती सकाळीं आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस बंदराकडे निघाली. हा कांहीं खुल्या दर्याचा लांबचा प्रवास नव्हे. मुंबई बंदर ओलांडून पलीकडच्या कांठाला जावयाचें, इतकेंच. बोटींत सुमारें ७०० माणसें होतीं. पाऊस व वारा वाढला, काशाच्या खडकाच्या आसपास (इंग्रजी नकाशांत ह्यालाच गल बेट म्हटलें आहे) प्रचंड लाटांनीं बोट एका अंगास कलली, भ्यालेले उतारू सैरावैरा धांवले, आणि पाहतां पाहतां ती उलटली. साडेआठच्या सुमारास सर्व संपलें होतें. ६०० हून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें, त्यामुळें इतक्या जवळ घडलेली ही घटना मुंबई शहराला दुपार उलटून जाईपर्यंत कळलीसुद्धां नाहीं. पोहून वांचलेल्या जिवांनीं ती सांगितली, तेव्हां ती खरी वाटेना.

स्वातंत्र्याला त्या दिवशीं एक महिनाहि उरला नव्हता. चारच आठवड्यांनीं देशभर दिवे उजळले. पण तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील कित्येक गांवांत त्या रात्रीं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याचें बळ कोणाच्या अंगीं नव्हतें.

आमचें घर अष्टागरांतलें. आषाढी अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस. त्या दिवशीं घरोघर समया, निरांजनें घांसून पुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि कणकेचे गोड दिवे उकडतात. आमच्या घरीं दिवे उजळीत, परंतु कणकेचे दिवे मात्र कधींहि होत नसत. लहानपणीं आम्ही मुलें त्याचें कारण विचारीत असूं. मोठीं माणसें “आपल्याकडे चाल नाहीं,” एवढेंच सांगत. पुढें कळलें कीं, आजोबांचे धाकटे बंधू ‘रामदास’वर होते. मुंबईस एका पेढींत ते कारकून होते व अवस तोंडावर आली म्हणून घरीं यावयास निघाले होते. त्यांची पत्नी, आमची काकूआजी, त्या वेळीं गांवीं होती. ते परत आले नाहींत आणि त्यांचें शरीरहि सांपडलें नाहीं.

वंशावळींत त्यांचें नांव आहे. खालीं “निःसंतान” असें छापलें आहे. ह्या एका नांवाचा माग काढावा, त्यांचा शेवट जेथें झाला तें पाणी एकदां डोळ्यांनीं पाहावें आणि कोऱ्या जागेंत जें लिहितां येईल तें लिहावें, अशा इराद्यानें मी निघालों.

आरंभ कागदांपासून केला. मुंबईस जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव संचिका अजून पाहावयास मिळतात. १८९८ सालीं स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनीं मराठी माणसाची ही मोठीच सेवा करून ठेविली आहे. काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत राज्याचे पुराभिलेखहि आहेत. परंतु शोध घेणाऱ्यानें एक गोष्ट आधींच समजून असावें. रेवसच्या बोटीचें तिकीट हें आजच्या लोकलच्या तिकिटासारखें. त्यावर उतारूचें नांव लिहिण्याची रीत नव्हती. विमान पडलें तर प्रवाशांची यादी तरी मिळते. येथें ती कोठेंच नव्हती. किती गेले हा आकडाहि अंदाजानेंच बांधावा लागला. मग कोण गेले हें कोण सांगणार? वृत्तपत्रांत जीं नांवें येत, तीं नातलगांनीं कळविलेलीं. ज्या घरांत लिहिणारा हातच बुडाला, तेथून कळविणार कोण?

त्यानंतर मी बोटीनें रेवसला जाण्याचें ठरविलें. आतां मुंबईहून अलिबागेस जाण्याच्या वाटा पुष्कळ झाल्या आहेत. मार्च २०२० पासून मोटारी घेऊन जाणारी मोठी रो-रो बोट मांडव्यास जाते, आणि जानेवारी २०२४ मध्यें अटल सेतु खुला झाल्यापासून समुद्रावरून मोटारीनेंहि पलीकडे उतरतां येतें. मला मात्र तीच वाट हवी होती आणि दिवसहि आषाढाचेच हवे होते. पावसाळ्यांत मांडव्याच्या साध्या लाँची बंद असतात. रेवसची लाँच हवा पाहून सुटते. भाऊ अजिंक्य ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत बांधलेल्या धक्क्याचें नांव जेथें आजहि चालतें, त्या भाऊच्या धक्क्यावर मी सकाळीं पोंचलों. एका बाजूस मासळीच्या टोपल्या व बर्फाचे चुरे, दुसऱ्या बाजूस बोचकीं, पिशव्या, छत्र्या सांवरीत उभे असलेले उतारू. लाँच आली, माणसें उड्या टाकून आंत गेलीं, आणि ताडपत्रीचे पडदे सोडण्यांत आले.

ह्या पडद्यांपाशीं मी थोडा थबकलों. पावसांत उतारू भिजूं नयेत म्हणून ते सोडतात. हाच आसरा वादळांत भिंत होतो. त्यावर वारा थडकतो आणि आंतल्या माणसाला बाहेर उडी टाकावयास वाट उरत नाहीं. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर लेंकरूं झोपलें होतें. तिला भीति नव्हती, आणि तें बरोबरच होतें. त्या दिवशीं तरी ती कोणाला होती?

बंदराचा आडोसा सुटला तशी लाँच डोलूं लागली. नैर्ऋत्येचा वारा पाण्याच्या ओढीस समोरून भिडला म्हणजे लाटा लांबट न राहतां उभ्या राहतात आणि जवळजवळ येतात. त्यांत अमावास्येच्या सुमाराचें उधाण असलें म्हणजे ती ओढ अधिकच जोराची. हें मीं पुस्तकांत वाचलें होतें; तेथें तें पायांखालीं कळलें. तांडेलाला काशाचा खडक विचारला. त्यानें कारण विचारलें नाहीं. नुसता हात करून दिशा दाखविली आणि डोक्यावरची टोपी काढली. त्या दिशेला पाऊस आणि पाणी ह्यांतील भेदहि दिसत नव्हता. खिशांत नेलेले तीळ मीं पडद्याच्या फटींतून सोडले व काकाआजोबांचें नांव व गोत्र उच्चारलें. ह्यापेक्षां अधिक कांहीं करण्यासारखें तेथें नाहीं.

तास सव्वा तासानें रेवस आलें. धरमतरच्या खाडीच्या तोंडावरचें हें लहानसें बंदर, समोर करंजा, मागें हिरवीगार भातशेतें. धक्क्याजवळ एक वृद्ध कोळीण सुकट निवडीत बसली होती. मीं “आजी” म्हणून हांक मारली व ‘रामदास’चा विषय काढला. तिचा जन्म मागाहूनचा. पण सासऱ्यांच्या तोंडून तिनें ती हकीकत इतक्यांदा ऐकलेली कीं, सांगतांना ती जणूं तेथेंच होती. त्या सकाळीं ह्या कांठच्या कोळ्यांच्या होड्या मासळी भरून मुंबईच्या बाजाराकडे निघाल्या होत्या. वाटेंत त्यांना माणसें पाण्यांत दिसलीं. होड्या भरलेल्या, माणूस घ्यावयाचा तर जागा नाहीं.

“म्हावरं टाकलं, मानसं घेतली,” ती म्हणाली आणि पुन्हां सुकट निवडूं लागली.

ह्या चार शब्दांचा अर्थ घरीं बसून कळत नाहीं. श्रावण लागण्यापूर्वींचे ते दिवस. मासळीला वर्षांतला उत्तम भाव येण्याची ती वेळ. पावसाळ्यांत जिवावर उदार होऊन मिळविलेली ती कमाई त्यांनीं समुद्राला परत दिली आणि अनोळखी माणसें कांठाला आणलीं. त्यांतल्या कित्येकांच्या घरीं त्या कोळ्यांच्या हातचें पाणीहि चालत नसेल. ह्या गोष्टीची आठवण आपल्यासारख्या घरांतून जितकी व्हावयास हवी होती तितकी झालेली नाहीं. वंशावळ राखणाऱ्यांनीं हेंहि लिहून ठेवावें कीं, कोणाच्या पुण्याईनें कोणाचा वंश पुढें चालला.

रेवसहून किनाऱ्याच्या बाजूनें सासवणें, आवास, किहीम, थळ असा मी खालीं गेलों. नारळी-पोफळींच्या बागा, उतरत्या छपरांचीं जुनीं घरें आणि बागेपलीकडे वाळू. ह्याच वाळूवरून माझे आजोबा आठ दिवस हिंडले होते. भरती ओसरली म्हणजे ते निघत, आणि जेथें जेथें प्रेत लागलें असें कळे, तेथें तेथें जाऊन पाहत. भाऊ भेटला नाहीं; परंतु दुसऱ्यांचे भाऊ त्यांनीं ओळखून दिले, असें घरीं सांगत. पुढें ते समुद्रावर कधीं फिरावयास गेले नाहींत. पावलें बुडवून मीं तेथून थोडें चालून पाहिलें. आज तेथें सहलीचे लोक घोड्यांवर बसतात, भजीं खातात, हंसतात. समुद्र त्यांचाहि आहे.

अलिबागेस तहसील कचेरींत दोन दप्तरें पाहावयाचीं होतीं. एक गांव नमुना नंबर १४, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यांत गांवोगांवचे जन्ममृत्यु लिहीत. आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यास ह्यासारखें साधन नाहीं. काकाआजोबांचा जन्म त्यांत आढळला, मृत्यु नाहीं. गांवांत मरण नाहीं, शरीर नाहीं, मग नोंद कसली? दुसरें दप्तर फेरफाराचें, म्हणजे गांव नमुना नंबर ६. जमिनीवरचें नांव बदललें कीं तेथें त्याचें कारण लिहावें लागतें. तेथें मात्र, दुर्घटनेनंतर सात वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, त्यांचें नांव कमी होऊन पत्नीचें नांव लागल्याची नोंद होती.

ह्या सात वर्षांचें कारण कायद्यांत आहे. ज्या माणसाविषयीं, त्याची खबर ज्यांना मिळावयाची त्यांनीं सात वर्षें कांहींहि ऐकलें नाहीं, तो जिवंत आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतला हा नियम जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तसाच आहे. सरकारनें सात वर्षांनीं काकूआजीला विधवा ठरविलें. परंतु धर्मशास्त्रांत बेपत्ता माणसाची वाट सामान्यतः बारा वर्षें पाहावयास सांगितली आहे, आणि तिनें त्या बारा वर्षांचा आधार धरला. बोट बुडाली हें तिला ठाऊक होतें. तो बुडतांना कोणीं पाहिला, एवढाच तिचा प्रश्न होता. त्याला कोणापाशींच उत्तर नव्हतें. सात वर्षांनीं कागद झाला त्यानंतरहि ती कुंकूं लावीत असे. गांवांत कुजबूज झाली, भाऊबंदांनीं नांवें ठेविलीं. आजोबांनीं मात्र तिला एका शब्दानें दुखविलें नाहीं. एकत्र कुटुंबाच्या दोषांविषयीं आपण पुष्कळ बोलतों. त्याच कुटुंबानें एका बाईला बारा वर्षें वाट पाहूं दिली, हें त्याच्या जमेच्या बाजूस मांडलें पाहिजे.

बारा वर्षें पुरीं झाल्यावर आजोबा तिला घेऊन नाशिकास गेले. शरीर नसेल तेथें आपल्या शास्त्रानें पालाशविधि सांगितला आहे. पळसाच्या ३६० पर्णांची मनुष्याकृति मांडावयाची आणि त्या आकृतीलाच अग्नि द्यावयाचा. अपघातानें गेलेल्यांचें श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीस, म्हणजे घातचतुर्दशीस करतात. तेंहि आमच्या घरीं तेव्हांपासून चालूं झालें. एवढें मला ठाऊक होतें. म्हणून शोधाचा शेवट नाशिकास करावा, असें मनाशीं योजिलें होतें.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा महाराष्ट्राचा एक मोठाच ठेवा आहे. गांव व आडनांव सांगितलें कीं, उपाध्याय लाल कापडांत गुंडाळलेली लांबट वही काढतात. तींत आपले पणजोबा-खापरपणजोबा स्वतःच्या अक्षरांत भेटतात. जो यजमान येतो, तो आपल्या हातानें कुटुंबाचीं नांवें व येण्याचें कारण लिहून सही करतो. आमचें पान निघालें. आजोबांचें वळणदार अक्षर मीं तात्काळ ओळखलें. बंधूंचें नांव, ‘रामदास’ बोटीचा उल्लेख, तारीख, विधि. सर्व नीट लिहून खालीं सही.

सहीच्या खालीं आणखी एक ओळ होती. अक्षर दुसरें, थोडें थरथरतें, शाळेंत चार इयत्ता शिकलेल्या बाईचें. “कन्या” असा शब्द, पुढें एक नांव, “वय वर्षें सहा, वडिलांबरोबर.”

उपाध्यायांनीं ती ओळ दोनदां वाचली. मीं काकाआजोबांना शोधीत येथवर आलों होतों, आणि त्यांचा हात धरून बोटींत चढलेलें एक मूल आमच्या घरानें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. तेथूनच मीं गांवीं आत्याबाईंना दूरध्वनि केला. त्या आतां नव्वदीकडे झुकलेल्या, तेव्हां सहा-सात वर्षांच्या. नांव उच्चारतांच त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मुंबईस डोळे दाखवावयाला नेली होती रे तिला. माझे सागरगोटे तिच्यापाशींच राहिले.” इतक्या वर्षांत त्यांना कोणीं विचारलें नव्हतें, आणि विचारल्यावांचून सांगावें असें ह्या घरांत कोणाला शिकविलेलें नव्हतें.

असें कां व्हावें, ह्याचा विचार मीं परतीच्या वाटेवर केला. कोणाच्या मनांत कपट नव्हतें. लहान मुलीचें श्राद्ध करण्याची रीत नाहीं. म्हणून तिची तिथि धरली गेली नाहीं. वंशावळींत पुत्रच लिहावयाचे. म्हणून तिला फांदी मिळाली नाहीं. कोतवाल बुकांत मृत्यु नाहीं, बोटीच्या तिकिटावर नांव नाहीं. चारी दप्तरें आपापल्या नियमानें बरोबर, आणि चारींतून एक मूल गळून गेलें. आईनें मात्र बारा वर्षें वाट पाहून, जेथें तिला लेखणी मिळाली तेथें, एक ओळ लिहून ठेविली. आमच्या घरांतील तेवढाच खरा इतिहासलेखक ती.

आमच्या वंशावळीची नवी प्रत आम्हीं काढली आहे. तींत “निःसंतान” हा शब्द खोडला असून त्या जागीं तिचें नांव घातलें आहे; घरांतल्या सर्व लेंकीसुनांचींहि नांवें त्याच निमित्तानें घातलीं. नांव येथें छापीत नाहीं. तें आमच्या घराचें आहे.

वाचकांना एवढीच विनंति कीं, ‘रामदास’वरील उतारूंची यादी कोणींहि केलेली नाहीं, आणि आतां ती कोणत्याहि कचेरींत होणार नाहीं. ती आहे, पण फुटकळ आहे. कोणाच्या पंचांगाच्या समासांत, कोणाच्या तीर्थोपाध्यायाच्या वहींत, कोणाच्या न केल्या जाणाऱ्या सणांत. आपल्या घरीं एखादा पदार्थ विशिष्ट दिवशीं होत नसेल, एखाद्या नांवापुढें तिथि नसेल, तर थोरल्यांना त्याचें कारण विचारावें. ज्यांनीं तीं माणसें डोळ्यांनीं पाहिलीं, ते आतां पंचाऐंशीच्या पुढें आहेत. त्यांना वेळ पुष्कळ आहे आणि मुदत थोडी. त्यांच्यापाशीं बसावें, नांव, वय व नातें लिहून घ्यावें, आणि लिहितांना मुली गाळूं नयेत.